मातीचा किल्ला आणि परिसंस्था : बालशिक्षणातील कल्पक रचनेसंबंधी काही विचार

१९३५ साली ए. जी. टॅन्सली ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या एका निबंधात 'इकोसिस्टिम' ही संज्ञा प्रथम छापली. शब्द सुचविला होता त्यांचे तरुण सहकारी आर्थर क्लॅफम ह्यांनी. त्यामागे 'इकॉलॉजी' हा हेकेलने १८६६ मध्ये घडविलेला शब्द उभा होता, आणि त्याच्या मुळाशी होता 'घर' ह्या अर्थाचा एक ग्रीक शब्द. भारतीय भाषांनी ह्या संज्ञेचे स्वागत कसे केले हे पाहणे उद्बोधक आहे. बंगालीने 'वास्तुतंत्र' म्हटले, गुजरातीने 'निवसनतंत्र' म्हटले. म्हणजे दोघींनीही मुळातले घर जपले. हिंदीचे 'पारितंत्र' आणि मराठीचे 'परिसंस्था' ह्यांनी घर सोडले व 'परि' हा उपसर्ग घेतला. भोवतालपण आले, वसतीपण गेले. शास्त्रीय परिभाषा म्हणून ह्यात काही उणे आहे असे नव्हे. परंतु तिसरी-चौथीच्या मुलापुढे हा शब्द ठेवला की अडचण उभी राहते. आठ वर्षांच्या मराठी मुलाला 'संस्था' म्हणजे फाटकावर पाटी असलेली इमारत एवढेच ठाऊक असते, आणि त्यात त्याची चूक नाही.

प्रस्तुत लेखात परिभाषेच्या चर्चेपेक्षा थोड्या निराळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्या कल्पनेला प्रौढांच्या भाषेतही नीटसे घर मिळालेले नाही, ती लहान मुलाच्या हाती कशी द्यावी? ह्यावर अलीकडे सुचविला जाणारा एक मार्ग असा की, मुलाने एखादे काल्पनिक स्थळ (बेट, तळे, टेकडी, जंगल) स्वतःच्या हातांनी रचावे, त्यात जीव वसवावेत, आणि ते तेथे जगतील कसे ह्याचे उत्तर स्वतःच शोधावे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ह्याला 'प्रकल्प' हे भारदस्त नाव आहे. माझे म्हणणे एवढेच की, ही रीत आपल्याकडे अभ्यासक्रमात येण्यापूर्वीच सणांतून नांदत होती, आणि साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाहण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

दिवाळीतला मातीचा किल्ला हे त्याचे मराठी उदाहरण. दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेले पोते, त्यावर चिखलाचा लेप, माथ्यावर सिंहासन, उतारावर मावळे, पायथ्याशी तळे आणि शेत, असा हा सरंजाम महाराष्ट्रातील कोणाही वाचकाला सांगावा लागणार नाही. इतर भाषांतील वाचकांसाठी सांगितला. आपण त्याकडे इतिहासप्रेमाचा संस्कार म्हणून पाहतो. पण किल्ला रचताना मूल जे शिकते त्यातला इतिहासाचा भाग थोडा आहे. उतार किती ठेवला म्हणजे चिखल घसरत नाही, तळ्याचे पाणी का मुरते, कडा उभा असला तर बी का टिकत नाही, हे सर्व त्याला मातीच सांगते. किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून हळीव पेरण्याची जुनी पद्धत आहे. हळिवाचे बी ओले झाले की त्याभोवती बुळबुळीत थर तयार होतो आणि ते चिखलाला चिकटून बसते. म्हणून उतारावर हळीव, आणि सपाट शेतात मोहरी किंवा नाचणी. कोणत्या आजीने हे प्रथम ओळखले कोण जाणे, पण बीजाचा गुण आणि जमिनीचा उतार ह्यांचे नाते जोडणे ही परिसंस्थाविचाराची पहिली पायरी आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

बंगालमध्ये श्रावणातील झुलनयात्रेच्या दिवसांत मुले घराच्या कोपऱ्यात असेच एक जग मांडतात. मातीचे डोंगर, वाळूची वाट, रंगविलेल्या लाकडी भुशाची शेते, नदी, पूल, मातीच्या बाहुल्या. राधाकृष्णाचा झुला हे निमित्त; मुलांचे मन रमते ते भोवतीच्या प्रदेशात. तमिळ घरांत नवरात्रात कोलूच्या पायऱ्या मांडतात, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर मुले वाळू पसरून, मोहरी उगवून, आरशाच्या तुकड्याचे तळे करून 'पार्क' सजवितात. तीन प्रांत, तीन सण, आणि एकच ओढ. भातुकलीत मूल घर मांडते. येथे ते घराभोवतालचा मुलूख मांडते. बंगालीतले 'वास्तु' आणि मराठीतले 'परि' जणू येथे एकत्र नांदतात.

कोलूच्या संदर्भात एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. पायऱ्यांच्या क्रमाचे जे स्पष्टीकरण अनेक घरांत दिले जाते ते असे की, खालच्या पायऱ्यांवर वनस्पती व क्षुद्र जीव, मग पशुपक्षी, मग मनुष्य, मग देव. ह्या क्रमाशी तोल्काप्पियमच्या 'मरबियल' ह्या प्रकरणातील जीवांचे वर्गीकरण ताडून पाहण्यासारखे आहे. तेथे गवत व झाडे एकेंद्रिय, आणि तेथून चढत चढत मनुष्य सहा इंद्रियांचा. ही शिडी आहे. आणि शिडी म्हणजे परिसंस्था नव्हे. शिडीवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते, परंतु कोण कोणावाचून जगू शकत नाही हे शिडी सांगत नाही. पायरीवरच्या बाहुल्या आणि जमिनीवरचा 'पार्क' ह्या दोन रचना एकाच खोलीत शेजारी असतात, पण त्यांच्यामागचे विचार निरनिराळे आहेत. पार्कमध्ये हरीण तळ्याकाठीच उभे करावे लागते. मुले ते करतात, आणि कोणी सांगितले नसताना करतात.

तमिळ परंपरेने मात्र शिडीहून निराळे असे एक फार मोठे साधन आपल्याला दिलेले आहे, ते म्हणजे 'तिणै'. संगम काव्यातील कुरिंजी, मुल्लै, मरुदम, नेय्दल आणि पालै हे पाच भूप्रदेश ए. के. रामानुजन यांच्या १९६७ च्या इंग्रजी अनुवादग्रंथामुळे देशभरच्या अभ्यासकांना परिचित झाले. आपण त्यांचा विचार प्रेमकाव्याच्या संकेतव्यवस्थेसाठी करतो. परंतु प्रत्येक तिणैला तिचे 'करुप्पोरुळ' नेमून दिलेले आहे : देवता, अन्न, पशू, वृक्ष, पक्षी, वाद्य, व्यवसाय. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा ती काव्यशास्त्राची वाटली. नंतर ती एखाद्या उत्तम शिक्षकाने वर्गासाठी काढलेल्या प्रश्नावलीसारखी वाटू लागली. येथे कोणते झाड? कोणता पक्षी? माणसे काय खातात, काय काम करतात, कोणते वाद्य वाजवितात? मनुष्य ह्या यादीबाहेर नाही, हे विशेष. पाश्चात्त्य शालेय चित्रांतील तळ्याकाठी बेडूक असतो, बगळा असतो, पण पाणी भरणारी बाई नसते.

ही प्रश्नावली मराठीत लावून पाहिली तर भाषेचे भांडार आपोआप उघडते. 'खाजण' घ्या : झाड तिवर, जीव निवटी आणि खेकडा, पक्षी बगळा, काम मासेमारी. 'माळ' घ्या : झाड बोर, पक्षी टिटवी, काम मेंढपाळी, वाद्य धनगरांचा गजीढोल. 'राई', 'कुरण', 'गायरान', 'डोह', 'कातळसडा', 'पाणथळ' हे शब्द नुसत्या जागांची नावे नाहीत. त्यांच्यात माती, पाणी, जीव आणि माणसाचा वावर एकत्र बांधलेला आहे. 'देवराई' ह्या शब्दात तर नियमही आहे. तेथले लाकूड तोडावयाचे नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा त्यांनी ज्या वस्तूचा अभ्यास केला तिला लोकभाषेत नाव फार पूर्वीपासून होते. 'परिसंस्था' हा शब्द शिकविण्यापूर्वी असे पाच-सात शब्द मुलाकडून रचून घेतले, तर त्या मोठ्या शब्दाला टेकावयास जागा मिळते. आणखी एक दुवा सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या फुलावरून कुरिंजी तिणैला नाव मिळाले ते नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. सह्याद्रीतील कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. आणि दोन्ही एकाच प्रजातीतल्या, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बहिणी. तमिळ मूल आणि मराठी मूल ह्यांना आपापले डोंगर रचावयास दिले तर ती एकमेकांना ओळखतील.

शिलप्पदिकारममध्ये पालैविषयी जे सांगितले आहे तेही ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पालै हा स्वतंत्र प्रदेश नव्हे. मुल्लै आणि कुरिंजी उन्हाने करपून आपले मूळ रूप हरवितात तेव्हा त्यांना पालैचे रूप येते, असे तेथे म्हटले आहे. प्रदेश बदलतो, बिघडतो, हे त्या कवीला ठाऊक होते. वर्गातील पुठ्ठ्याच्या जंगलाला बहुधा ते ठाऊक नसते.

आता एक प्रत्यक्ष अनुभव. काही वर्षांपूर्वी दख्खनमधील एका विद्यापीठाच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. मराठी कुटुंबे चार-पाच. मुलांच्या टोळीत तेलुगू, हिंदी आणि बंगाली बोलणारी मुलेही होती. दिवाळीत किल्ला करावयाचे ठरले. मुरूम मुबलक होता, हळीव मिळाले नाही, म्हणून सर्वत्र नाचणी आणि मोहरी पेरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो उतारावरच्या नाचणीवर मुंग्यांची रांग लागलेली, आणि एकेक दाणा कुंपणाकडे चाललेला. मुले संतापली. शेजारच्या एका गृहस्थांनी मुंग्या मारण्याचा खडू आणून दिला. तेव्हा एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, ही शत्रूची फौज नाही. ही रयत आहे. रयतेला धान्य नको का?"

शत्रू की रयत ह्यावर बराच वाद झाला. खडू बाजूला राहिला. पण त्यामुळे प्रश्न मिटला नाही, उलट वाढला. ज्याचे म्हणणे 'शत्रू' असे होते त्या मुलाने विचारले, रयत धान्य नेते, मग किल्ल्याला काय देते? ह्या प्रश्नापायी ती मुले भाऊबीज उलटल्यावरही किल्ल्याकडे येत राहिली, एरवी तो दुसऱ्या दिवशी ओस पडला असता. आठवडाभरात पायथ्याशी मुंग्यांनी उकरलेल्या बारीक मातीचे ओघळ दिसू लागले. बुरुजावर चिमण्या मोहरीचे कोवळे अंकुर टोचू लागल्या. पोत्याच्या ओल्या बाजूस पांढरी बुरशी धरली, तिला मुलांनी बर्फ मानले. एके दिवशी मीच म्हणालो की मुंग्या ह्या किल्ल्यासाठी आलेल्या नाहीत, त्या आधीपासून येथेच राहत होत्या. त्यावर ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आपण किल्ला त्यांच्या गावात बांधला."

ह्या वाक्याचे मोल मला पुढे बरेच दिवस कळत राहिले. रयत हे रूपक चुकीचे होते. मुंगी कोणाची प्रजा नाही. तरीही त्या चुकीच्या रूपकावाचून ती मुले ह्या वाक्यापर्यंत पोहोचली नसती, असे माझे मत आहे.

येथे बालशिक्षणातील एका जुन्या वादाशी आपण येऊन पोहोचतो. मारिया माँतेसरी ह्या १९३९ मध्ये भारतात आल्या व युद्धकाळात येथेच राहिल्या, परंतु त्यांचे विचार त्यापूर्वीच येथे पोहोचले होते. लहान मुलाला आधी वास्तव द्यावे, परीकथा व अद्भुत गोष्टी फार लौकर देऊ नयेत, कारण कल्पनाशक्तीची मुळे खऱ्या इंद्रियानुभवातच असतात, अशी त्यांची भूमिका होती. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत १९२० साली बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी माँतेसरींची पद्धत आत्मसात केली, पण हे एक कलम मात्र त्यांनी स्वीकारले नाही. त्यांच्या बालमंदिरात गोष्टीला मानाचे स्थान होते आणि गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर त्यांनी गुजरातीत स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो वारसा मराठीत आणला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे व अनुताई वाघ यांचे कार्य चालले. जनावरे राखणाऱ्या वारली मुलांना शाळेत येता येत नाही, तर शाळेनेच कुरणात जावे, म्हणून त्यांनी 'कुरणशाळा' काढली. साधनेही आसपासच्या बिया, शंख-शिंपले, काड्या, माती ह्यांतूनच घडविली.

कुरणशाळा ही केवळ सोय नव्हती. कोणते गवत गुरे खातात, कोणते टाळतात, पाऊस लांबला तर पाणी कोठे टिकते, हे वारली मुलाला ठाऊक असते. कुरणाच्या परिसंस्थेविषयी त्याला शिक्षिकेहून अधिक माहिती असते, मात्र ती पुस्तकी मराठीत नसते. वर्गाच्या भिंतीत आणले की तेच मूल अडाणी ठरते. महाराष्ट्राच्या शाळांत पुढे 'परिसर अभ्यास' हा विषय आला, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिला. ह्या गोष्टी स्वागतार्हच होत्या. परंतु विषय सक्तीचा झाला म्हणजे त्याची परिभाषाही सक्तीची होते, आणि उत्पादक, भक्षक, विघटक हे शब्द पाठ म्हणणारे मूल हुशार व निवटी कोठे सापडते हे सांगणारे मूल मागास, असा उलटा न्याय सुरू होतो. रचनेच्या रीतीतले खरे मोल मला येथे दिसते. मातीत काम करताना परिभाषा येत नसली तरी ज्ञान सांगता येते.

माँतेसरींचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कल्पनेचा अतिरेक झालेले प्रकल्प मी पाहिले आहेत. एका शाळेच्या प्रदर्शनात 'जंगल परिसंस्था' मांडली होती. थर्माकोलचा डोंगर, प्लॅस्टिकचा सिंह, वाघ, हत्ती, आणि तळ्यात पेंग्विन. जमिनीवर एकही वाळलेले पान नव्हते. स्वच्छतेचे गुण असतात. मांडणी पालकांनी केली होती हे उघड होते. ह्या रचनेत कल्पना होती, पण तिला कोणी अडविले नव्हते. थर्माकोल काहीही सहन करतो. माती तसे करीत नाही. तळे गळते, कडा ढासळतो, बी कुजते, मुंगी येते. मातीच्या किल्ल्यात कल्पनेला प्रत्यक्षाकडून उत्तर मिळते, आणि माँतेसरी व गिजुभाई यांच्यातील वाद तेथे बराचसा निवळतो, असे मला वाटते. गोष्ट ऐकणारे मूल गोष्टीला अडवू शकत नाही. गोष्ट रचणाऱ्या मुलाला त्याची सामग्रीच अडविते.

टॅन्सलीच्या निबंधाकडे पुन्हा वळले तर एक गंमत दिसते. वनस्पतिसमूह हा जणू एक महान जीवच आहे ह्या तत्कालीन कल्पनेवर त्यांचा रोख होता. त्याऐवजी त्यांनी मांडले ते असे की, निसर्गात सर्व काही एकमेकांत गुंतलेले असते, आणि अभ्यासासाठी आपण त्यातला एक भाग मनाने वेगळा काढतो. म्हणजे परिसंस्थेची हद्द ही शास्त्रज्ञाच्या मनाने आखलेली असते. तळे हे एक छोटे विश्व आहे असे एस. ए. फोर्ब्स यांनी १८८७ मध्ये म्हटले, त्यातही हेच कल्पक सीमांकन होते. मग अंगणाच्या कोपऱ्यात चार हात जागा आखून 'हा आमचा मुलूख' म्हणणारे मूल आणि टॅन्सली ह्यांच्यातील अंतर वाटते तेवढे नाही. फरक एवढाच की शास्त्रज्ञाला आपली रेघ आपणच ओढली आहे हे ठाऊक असते. मुलाला ते मुंग्या शिकवितात.

ह्या रीतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. १९४२ मध्ये लिंडमनने ऊर्जेच्या प्रवाहाचा जो हिशेब मांडला, अन्नाच्या एका पातळीवरून दुसरीकडे जाताना ऊर्जेचा बराच मोठा वाटा कसा खर्ची पडतो, तो चिखलात दाखविता येत नाही, आणि आठव्या वर्षी दाखविण्याची घाईही नको. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. रचणाऱ्याला आपण मालक आहोत असे वाटू लागते; किल्ल्याच्या बाबतीत तर सिंहासनच माथ्यावर असते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण फुकट्या माणसाला लावतो. निसर्गकथा म्हणून वाचली तर ती तंतोतंत खरी आहे. साप बीळ खणीत नाही, उंदराच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात राहतो. मुलांना मी ही म्हण सांगितली तेव्हा त्यांनी नागोबाचा निषेध केला नाही. उलट किल्ल्याचे भुयार त्याला देऊन टाकले, आणि मावळ्यांना दुसऱ्या वाटेने उतरविले.

पॅट्रिक गेडिस हे जीवशास्त्रज्ञ नगररचनाकार पहिल्या महायुद्धाच्या काळात इंदूरच्या होळकर दरबारासाठी काम करीत होते. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीची नवी मिरवणूक काढली, तीत प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिकृती होती. शहराची घाण हाच त्या मिरवणुकीचा राक्षस. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२८ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला, तेव्हा रोपाची मिरवणूक निघाली. सणाची रचना बदलून लोकांना आपल्या भोवतालाकडे पाहावयास लावता येते हे दोघांनीही ओळखले होते. शाळेच्या वेळापत्रकातील चाळीस मिनिटांच्या तासात जे होत नाही ते सणाच्या आठ दिवसांत का होते, ह्याचे उत्तर त्यात असावे. झुलन, कोलू आणि किल्ला ह्या तिन्हींत मूल रोज पाहावयास येते.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना साधी आहे. रचना संपली की काम संपले असे मानू नये. किल्ला, तळे किंवा बेट जे काही केले असेल ते महिनाभर तसेच ठेवावे, आणि न बोलावता कोण आले ह्याची एक वही ठेवावी. नावे मुलांच्या घरच्या भाषेत लिहावीत. आमच्या वहीत मुंगी आणि मुंगळा मराठीत वेगळे होते, आणि त्यावरून तेलुगू मुलाने आपल्या घरी विचारून तीन निराळी नावे आणली. पुढच्या वर्षी त्या टोळीने किल्ला केला तेव्हा कुंपणाकडची एक बाजू मोकळी सोडली होती. तेथे काही पेरले नव्हते, लिंपलेही नव्हते. मी कारण विचारले तेव्हा बंगाली मुलाने मोडक्या मराठीत सांगितले की ती जागा वाटेसाठी आहे, मुंग्या तिकडून येतात.